नऊ ग्रॅमचा खिसा

“पाचशे तेवीस,” जिज्ञासा म्हणाली.

“पुन्हा ठेव,” प्रमोद मास्टर म्हणाले.

तिने जीन्स काट्यावरून उचलली, वेगळी घडी घातली आणि पुन्हा ठेवली. मास्टर वाकून आकड्याकडे बघत राहिले. डोळे वटारले की आपल्या हाताखालचे कारागीर जसे सुतासारखे सरळ होतात तसा हाही होईल, अशी त्यांची समजूत असावी. पण काटा नवा होता. त्याला मास्टरांची ओळख नव्हती. त्याने पुन्हा पाचशे तेवीसच दाखवले.

“पाकिटासकट ना?” हरेशशेठने विचारले.

“हो शेठ. छत्तीस नंबर, लेडीज, पाकिटासकट.”

हरेशशेठने खुर्ची पुढे ओढली. “मास्टर, ये पाचशे के अंदर चाहिए. छत्तीस सगळ्यात मोठा, तो बसला की बाकीचे साइझ आपोआप बसतात.”

“शेठ, पॅन्ट आहे ती. पापड नाही.”

जिज्ञासा हसली आणि शेठकडे बघून हसणे आवरले. बदलापूरहून रोज येणारी ही मुलगी गाळ्यात येऊन दीड वर्ष झाले होते. ऑनलाइन आलेल्या ऑर्डरी बघायच्या, पत्त्यांची लेबले काढायची, परत आलेला माल लिहून घ्यायचा, हे तिचे काम. तिचे टेबल आधी जिन्याखाली होते. मग ते वर, मास्टरांच्या कटिंगच्या टेबलाशेजारी आले. अठरा फुटी टेबलाचे चार फूट त्यासाठी कापले, तेव्हा मास्टर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

“साईं, ऐका,” हरेशशेठ आपल्या सिंधी सवयीने म्हणाला. “गिऱ्हाईकाला मोबाईलवर काय दिसतं? फ्री डिलिव्हरी. आता कुरियरवाला काय माझा मामा लागतो? तो पैसे घेतोच. ऑनलाइन विकणारी कंपनी ते माझ्यातून कापते. अर्ध्या किलोपर्यंत एक भाव. एक ग्रॅम वर गेला, तो सीधा एक किलो का भाव.”

“मग किंमत वाढवा ना पॅन्टची.”

“वाढवली होती. समोरचा तीनशे एकोणऐंशीला विकतोय. लोकं डिलिव्हरीचे चाळीस दाखवले की पळतात, आणि पॅन्ट चाळीसने महाग केली की समोरच्याकडे जातात. आणि मागवतात किती? एक. दोन-तीन पीस घेतले तर परवडेल. एकच पॅन्ट, तिची डिलिव्हरी फ्री, पसंत नाही पडली तर वापसी पण फ्री. हे सगळं कुठून काढू मी? पॅन्टच्या आतूनच काढायला लागेल ना.”

फुकट ते पौष्टिक, हे मास्टरांना ठाऊक होते. पण त्या फुकटाचा स्वयंपाक आपल्या टेबलावर होतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

“अंबरनाथच्या एमआयडीसीत ते मोठं युनिट आहे ना,” हरेशशेठ मोबाईलकडे बघत म्हणाला, “ते रोज फोन करतात मला. कॉम्प्युटर कापड कापतो. एका पॅन्टचं वजन किती होणार ते आधी लिहून देतात. मी बोललो, अपने पास मास्टर है. पंधरा दिवस घ्या मास्टर. झालं तर सोन्याहून पिवळं.”

“आणि नाही झालं तर?”

हरेशशेठला तेवढ्यात एक फोन आला. फोन आलाच नसावा, असे मास्टरांना नंतर वाटले.

प्रमोद खरात अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांतली बत्तीस वर्षे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या या एका गाळ्यात गेली होती. मोठे शेठ, म्हणजे हरेशचे वडील, यांनी त्यांना ठेवले तेव्हा हरेश शाळेच्या गणवेशात याच टेबलावर पाय हलवत बसायचा, आणि मास्टर त्याला खाली उतरवायचे. कटिंग मास्टरचा गाळ्यात एक दरारा असतो. साठ थर कापड एकावर एक अंथरलेले असते, वरच्या थरावर खडूची एक रेघ. रेघ चुकली तर एक पॅन्ट बिघडत नाही, साठ बिघडतात. म्हणून मास्टर रेघ मारत असताना शिलाईच्या मशिनीसुद्धा जरा हळू चालतात, चहा आधी मास्टरला जातो, आणि त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. प्रमोद मास्टरांनी हा मान बत्तीस वर्षे भोगला. तो फुकटचा नव्हता. त्यांच्या हातची जीन्स कमरेला बसायची.

बाकी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. अंबरनाथच्या मोरिवली गावात दोन खोल्या, बायको शीला, आणि बदलापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी शलाका. तिचे शिक्षण संपायला अजून दीड वर्ष होते. गाळ्याच्या गल्लीतल्या दोघा शेठांनी कटिंग बंद करून बाहेरून कापलेला माल आणायला सुरुवात केली होती. त्यांतला एक मास्टर आता बदलापूरच्या एका सोसायटीच्या गेटवर बसतो. दुसरा कुठे गेला ते कुणी विचारले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हाताने कापणाऱ्या माणसाला दुसरा गाळा मिळत नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना ते ताटाकडे बघत बसले, तेव्हा शीलाने विचारले, “काय झालं? भाजी खारट झालीय?”

“तेवीस ग्रॅम काढायचेत.”

“कशातले?”

“पॅन्टीतले.”

“मग पाय आखूड करा,” शीला म्हणाली आणि वाढायला वळली. सल्ला काही वाईट नव्हता. मास्टरांनी तो मनात दोनदा तपासून पाहिला.

पुढचे बारा दिवस मास्टरांनी स्वतःच्याच पॅन्टवर दरोडा घातला. पितळी चेन गेली, नायलॉनची आली. पट्ट्याचे लूप सात होते, ते पाच झाले. पायाची आतली दुमड इंचभर असायची, ती अर्ध्यावर आली. खिशाच्या कोपऱ्यांवरच्या तांब्याच्या टिकल्या मोठ्या शेठांनी कौतुकाने मुंबईहून आणायला सुरुवात केली होती, त्या गेल्या. पुठ्ठ्याचे लेबल जाऊन कागदाचे आले. शेवटी मास्टरांनी खिशाला हात घातला. आतले जाड सुती कापड काढून त्यांनी पातळ, चहा गाळता येईल असे कापड लावले आणि खिसा दोन इंच उथळ केला. प्रत्येक वेळी ते जेवणाच्या सुट्टीत, कारागीर डबे खायला बसले की, एकटे काट्यापाशी जायचे. आयुष्यभर इंचांनी विचार केलेला माणूस. आता त्याला रात्रीच्या झोपेत सुद्धा ग्रॅम दिसायला लागले होते.

बाराव्या दिवशी जिज्ञासाने छत्तीस नंबर काट्यावर ठेवला आणि ओरडली, “काका, चारशे शहाऐंशी!”

हरेशशेठने कोपऱ्यावरून सगळ्या गाळ्याला दाल-पकवान मागवले. मास्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बोला था ना मैंने, अपने पास मास्टर है.” अंबरनाथच्या युनिटचा फोन आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर ‘फिलहाल नहीं’ असे सांगितले. मास्टरांनी दोन पकवान खाल्ली. त्यांना अजिबात आनंद झाला नव्हता, पण जीव भांड्यात पडला होता, आणि भूक त्यामुळेही लागते.

त्या मालाचे अभिप्राय मे महिन्यात यायला लागले. जिज्ञासा एका दुपारी लेबले काढता काढता मोबाईल बघत होती. मास्टरांनी सहज विचारले, “काय म्हणतात लोक?”

“चांगलं म्हणतात काका. फिटिंग मस्त आहे म्हणतात.”

“आणि?”

“बाकी असंच.”

“वाच गं.”

तिने नाइलाजाने वाचले. “‘खिसा आहे की चेष्टा? मोबाईल बसत नाही.’ एक स्टार. ‘किल्ली ठेवली तर खिसा फाटून किल्ली पायात आली.’ दोन स्टार. ‘शिवणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे.’ ह्याला पण एकच.” मग घाईने म्हणाली, “तुमचं नाव कुठे माहीत आहे त्यांना काका? लोक ब्रँडचं नाव वाचतात.”

“पण कापलं मीच ना,” मास्टर म्हणाले.

त्यांना खरोखर लागले. आजवर त्यांच्या मालावर शेठ ओरडले होते, व्यापारी भांडले होते, पण लाज काढली नव्हती कुणी. आणि गंमत अशी, की त्या बाईचे म्हणणे त्यांना शब्दाशब्दाला पटत होते. तो खिसा कापताना त्यांनाही लाज वाटलीच होती. घरी शलाकाही एकदा म्हणाली होती, “पप्पा, बायकांच्या पॅन्टला खिसे देताना तुमच्या हाताला काय होतं?” तेव्हा ते हसले होते.

चारशे शहाऐंशी म्हणजे अजून चौदा ग्रॅम हातात होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका पॅन्टचे दोन्ही खिसे जुन्या जाड कापडाचे कापले, दोन इंच जास्त खोल. स्वतः मशीनवर बसून ते शिवले. पॅन्ट काट्यावर ठेवली. चारशे पंचाण्णव. खिशांनी नऊ ग्रॅम घेतले होते. वर पाच शिल्लक राहिले होते. त्यांनी पॅन्टीच्या खिशात आपला मोबाईल सरकवून पाहिला. तो सबंध आत गेला.

शेठला विचारायला हवे होते, हे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. पण खिसा किती खोल घ्यायचा हे मास्टरने शेठला विचारायचे दिवस अजून आले नव्हते, निदान मास्टरांच्या हिशेबी नव्हते. पुढच्या लॉटच्या सातशे पॅन्टी त्यांनी नव्या खिशाच्या कापल्या. त्या दिवशी रेघ मारताना ते गुणगुणत होते, असे खालच्या कारागिरांनी नंतर सांगितले.

शिलाई झाली, धुलाई झाली, माल जुलैच्या सुरुवातीला विकला जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात जिज्ञासा स्वतःहून टेबलापाशी आली. “काका, ऐका. ‘खिसा एकदम खोल. बसमध्ये उभं राहून प्रवास करते, मोबाईल पडायची भीती नाही. शिवणाऱ्याला थँक्यू.’ पाच स्टार.”

मास्टरांनी तिला ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे, कामाला लाग.” घरी जाऊन त्यांनी ते शीलाला पाठ म्हणून दाखवले. शीला म्हणाली, “मग पगार वाढवतायत का?” आणि दोघेही हसली. त्यानंतर त्या घरात ते दोघे असे बरेच दिवस हसले नाहीत.

पुढच्या सोमवारी मास्टर गाळ्यात आले तेव्हा जिज्ञासा काट्यापाशी उभी होती. चेहऱ्यावरून रडवेली.

“काका, कुरियरच्या गोदामात आपल्या तीन पार्सलांचं वजन जास्त निघालं. छत्तीस नंबर. कंपनीने सगळ्या मालाला एक किलोचा भाव लावला. गेल्या आठवड्यापासूनच्या सगळ्या पार्सलांना.”

“शक्य नाही. मी स्वतः बघितलंय. चारशे पंचाण्णव.”

तिने पॅन्ट काट्यावर ठेवली. पाचशे आठ.

“काटा बिघडलाय,” मास्टर म्हणाले. ते जिना उतरून समोरच्या किराणा दुकानात गेले आणि अर्धा किलो साखरेची बंद पुडी घेऊन आले. पुडी काट्यावर ठेवली. काट्याने पाचशे दोन दाखवले, पिशवीसकट. त्यांनी पुडी उचलून पुन्हा ठेवली. मग पॅन्ट ठेवली. मग दुसरी पॅन्ट, तिसरी. पाचशे सात, पाचशे नऊ. साखर जिज्ञासाने नंतर चहाच्या डब्यात ओतली.

मास्टर पॅन्ट हातात घेऊन बसले. अंगठा कापडावरून फिरला, आणि त्यांना कळले. कापड ओले नव्हते, पण कोरडेही नव्हते. बाहेर पंधरा दिवस ऊन नव्हते. पावसाळ्यात सुती कापड हवा पिते, हे त्यांच्याइतके त्या गल्लीत कुणाला माहीत होते? आषाढात तागा आला तर तो उघडून दिवसभर पसरल्याशिवाय ते कात्री लावू देत नसत, नवीन कारागिरांना त्यावरून शिव्या देत, कारण ओलसर कापड मागाहून आखडते आणि मापे चुकतात. त्यांनी कापडाचे इंच पावसाळ्यात किती बदलतात ते बोटावर सांगितले असते. ग्रॅमही बदलतात हे त्यांच्या डोक्यात आले नाही. पॅन्टचे वजन त्यांनी मे महिन्यात केले होते, आणि त्याआधीच्या बत्तीस वर्षांत कुणीच कधी पॅन्ट वजनाने विकली नव्हती.

“हवेमुळे तेरा ग्रॅम वाढलं,” ते म्हणाले.

जिज्ञासा हिशेबात हुशार होती आणि मनाने सरळ, त्यामुळे जे बोलायचे नाही ते बोलून बसली. “म्हणजे जुन्या खिशाची असती तर चारशे नव्व्याण्णव झालं असतं काका. पास झालो असतो.”

मग तिने जीभ चावली. मास्टर म्हणाले, “हो.”

हरेशशेठ दुपारी आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. मास्टरांनी त्यासाठी मनाची तयारी केली होती. पण तो येऊन खुर्चीत बसला, एका पॅन्टीचा खिसा बाहेर उलटा काढला आणि बोटांनी चाचपत राहिला.

“मास्टर, ये किसने बोला था?”

“कुणी नाही. मीच घेतला.”

“मला विचारलं असतं तर?”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“बरोबर,” हरेशशेठ म्हणाला. “नाहीच बोललो असतो.” त्याने खिसा पुन्हा आत घातला. “खिसा चांगला आहे. खराब आहे असं नाही बोलत मी. पण ज्या बाईने पाच स्टार दिले, तिने नऊ ग्रॅमचे पैसे दिले का? आता एकेका पॅन्टमागे मीच पैसे घालतोय. जितका माल विकला जाईल तितका खड्डा. विक्री बंद ठेवायला सांगितलंय मी.”

मास्टर उभे होते. शेठच्या खुर्चीसमोर ते कधी उभे राहिले नव्हते, आज का राहिले ते त्यांनाही कळले नाही.

“शेठ, पुढच्या लॉटला खिसा काढतो,” ते म्हणाले. “पातळ कापड घेतो. पाहिजे तर तीन इंच कमी करतो. मागचा एक खिसाही काढता येईल, नुसती शिलाई मारून खिशासारखं दाखवू. साडेचारशेत आणतो. पावसाळा धरून.”

हे बोलताना त्यांचा आवाज त्यांना ओळखू येत नव्हता. ज्या खिशासाठी त्यांनी हे ओढवून घेतले, तो त्यांनी एका दमात देऊन टाकला, वर मागचा एक दिला. जिज्ञासा मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होती.

“पुढचा लॉट अंबरनाथहून येतोय मास्टर,” हरेशशेठ हळू म्हणाला. “सकाळीच बोललो मी. कापड पण त्यांचंच.”

खाली एक मशीन चालू होती. तीही थांबली, बहुतेक धागा संपला असावा.

“मी पॅकिंगला बसतो,” मास्टर म्हणाले.

“तुम्ही पॅकिंगला? नको मास्टर. मला बघवणार नाही. पप्पांनी तुम्हाला आणलं होतं.” हरेशच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर रागावून निदान घरी जाता आले असते. “या महिन्याचा पूर्ण पगार घ्या. घरी आराम करा. खूप केलंत.”

मास्टरांनी मान हलवली. शेठ उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

“एक काम होतं. फिटिंग आपलंच ठेवायचंय. कमरेला मस्त बसते असं बायका लिहितात. ते युनिटवाले बोलले, तुमचे फर्मे द्या, आम्ही कॉम्प्युटरमध्ये टाकतो.” त्याने भिंतीवरच्या खिळ्यांकडे हात केला. तिथे मास्टरांनी तपकिरी पुठ्ठ्याचे कापलेले नमुने टांगलेले होते. पुढचा पाय, मागचा पाय, कमरपट्टी, प्रत्येक साइझचे वेगळे. “टेम्पोवाला उगाच पैसे घेईल. तुम तो मोरिवली में ही रहते हो. रस्त्यातच आहे ना?”

“रस्त्यातच आहे,” मास्टर म्हणाले.

त्यांनी नाही म्हणायला हवे होते, असे शीला पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली. पण त्या क्षणी त्यांच्या मनात वेगळेच आले. फर्मे दुसऱ्या कुणी नेले असते तर दुमडले असते. आणि दुसरे, जे त्यांनी शीलालाही सांगितले नाही: त्या मोठ्या युनिटमध्ये कुणीतरी हे फर्मे हातात घेईल, बघेल, आणि विचारेल, कुणी केलेत हे? माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो म्हणतात. मास्टरांची काडी पुठ्ठ्याची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकतीस फर्मे खिळ्यांवरून उतरवले, फडक्याने पुसले, लहान खाली आणि मोठे वर असे रचले आणि जीन्सच्या काठाच्या पट्टीने बांधले. जिज्ञासाने गाठीवर बोट धरले. “काका, मी बदलापूरला शलाकाताईला भेटेन कधी तरी,” ती म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खालच्या कारागिरांनी मशिनी थांबवल्या. मास्टर म्हणाले, “चालू द्या, चालू द्या.”

कॅम्प चारला शेअर रिक्षा बदलताना रिक्षावाला म्हणाला, “काका, ये बड़ा है, दो सीट का लगेगा.” मास्टरांनी दोन सीटचे पैसे दिले. फर्मे सीटवर टेकवून, त्यांच्यावर हात आडवा धरून ते अंबरनाथपर्यंत आले.

युनिटची इमारत काचेची होती. ती बांधली गेल्यापासून ते तिच्यासमोरून रोज जात-येत होते. गेटवरच्या वॉचमनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

“काय आणलंय?”

“कॅम्प तीनहून हरेशशेठनी फर्मे पाठवलेत. कटिंगच्या साहेबांना भेटायचं होतं.”

“डिलिव्हरी मागच्या गेटने,” वॉचमन म्हणाला. “असं गोल जायचं.”

मागच्या गेटपाशी हेल्मेट घातलेले चार-पाच जण रांगेत होते. मास्टर त्यांच्या मागे उभे राहिले. ओझे खाली ठेवता आले असते, पण जमीन ओली होती, म्हणून त्यांनी ते छातीशी धरून ठेवले. त्यांचा नंबर आला तेव्हा आतून विनीत नावाचा तिशीतला माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणे गोड.

“हां, हरेशभाईंचे पॅटर्न. या काका, इथे आत या. चहा घेणार?”

“नको. एक सांगायचं होतं.” मास्टरांनी गाठ न सोडता वरच्या फर्म्यावर बोट ठेवले. “हा छत्तीसचा मागचा भाग. इथं वर अर्धा इंच जास्त घेतलाय. चूक वाटेल, पण चूक नाही. बाई खाली वाकली, गाडीवर बसली, तर मागून पॅन्ट उतरू नये म्हणून. तो कापायचा नाही.”

विनीतने मान डोलावली. “ते सॉफ्टवेअर सगळं बरोबर करून घेतं काका. जास्तीचं असेल ते दाखवतं.”

“जास्तीचं नाही ते,” मास्टर म्हणाले.

“हो हो. सांगतो मी आत.” त्याने वही पुढे केली. मास्टरांनी सही केली. कुणी केलेत हे, असे विनीतने विचारले नाही. मास्टर थोडा वेळ थांबले, त्याला विचारायला वेळ मिळावा म्हणून.

“अरे हो,” विनीतने मोबाईल काढला. “हरेशभाईंना पोचल्याचा फोटो पाठवायचाय.”

मास्टरांनी फर्मे छातीशी नीट धरले. एका हाताने शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला. बत्तीस वर्षांत या फर्म्यांबरोबर त्यांचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. ते सरळ उभे राहिले आणि मोबाईलकडे पाहू लागले.

विनीतने मोबाईल जरा खाली घेतला. “काका, तुम्ही नको. नुसतं सामान येऊ दे.”

मास्टरांनी कोरडी जागा बघून फर्मे भिंतीला टेकवून ठेवले आणि ते बाजूला झाले.